पल्ला गुण्यात होता

दोन मोटरींना एकाच वेळी एकच हुकूम दिला की त्या सारख्याच चालतात, असं मी म्हणालो होतो. वर्गात म्हणतो तसं, हातात खडू नसताना खडू धरल्यासारखी बोटं करून. ते वाक्य आठवलं की अजून माझं डोकं तापतं. मधली बरीच वर्षं मी हा राग इतरांच्या नावावर खपवला. कधी कार्ड विकणाऱ्या दुकानदारावर, कधी सरकारवर, कधी एकूण त्या दिवसांवर. तसा राग धरायला त्या दिवसांत कारणं कमी नव्हती, त्यामुळे माझं भागत गेलं.

मी अमरावतीला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. आई अकोल्याला जुन्या शहरात एकटी राहायची, म्हणून रविवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरायची आणि संध्याकाळी परत यायचं, असा माझा नेम होता. आईच्या घरापासून चार घरं सोडून मिस्त्रीचाचांचं टिनाचं छपर होतं. आमच्या घराची दारं-खिडक्या, आईचा पाट, माझं लिहायचं टेबल, सगळं त्यांच्या हातचं. पण त्यांचं खरं काम शेतीच्या अवजारांचं. पेरायच्या तिफणी, निंदणाचे डवरे, बैलांच्या मानेवरची जुवं. बाभळीच्या फांदीचा बाक नुसता पाहून, यात जू निघते की नाही ते सांगायचे. पेरणीच्या आधी त्या छपराखाली उभं राहायला जागा नसायची.

मग शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं आली. बाहेरगावचे लोक गाड्या करून आमचा मुलूख बघायला यायचे, शेतं पाहायचे, घरं पाहायचे, लिहून न्यायचे. बैल विकला गेला की तिफण लागत नाही, आणि तिफण लागेनाशी झाली की सुतारानं काय करायचं, हे विचारायला त्या छपराकडे कुणी फिरकलं नाही. चाचा दारं करायला लागले. तिथंही बाहेरून ट्रक भरून तयार दारं येत होती, वर मशीननं कोरलेली वेलबुट्टी. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवून विचारायचं, असं फूल चार दिवसांत होते का. हातानं चार दिवसांत होत नव्हतं.

आमच्या पॉलिटेक्निकच्या आवारात तेव्हा कौशल्याचे फलक लागले होते. चाळीस वर्षं लाकूड ओळखणाऱ्या माणसाला कौशल्य शिका म्हणणाऱ्यांचा मला संताप यायचा, आणि त्याच फलकाखाली उभं राहून भाषणही मीच करायचो. जोडधंदा, तंत्रज्ञान, बदलता काळ. टाळ्या घ्यायचो आणि घरी येऊन जेवायचो.

तर मशीनची कल्पना माझी. मी चाचांना म्हणालो, आपण घरीच कोरणारं मशीन करू. सांगाडा तुम्ही करा, विजेचं मी बघतो. पल्ला, म्हणजे दाराची फळी, खाली आडवा ठेवायचा. त्याच्यावरून एक आडवा लोखंडी पूल पुढे-मागे सरकणार, आणि त्या पुलावर कोरणारं डोकं. पूल रुंद, म्हणून तो ओढायला दोन्ही टोकांना एकेक मोटर.

चाचांनी सांगाडा असा केला की आमच्या प्रयोगशाळेत कुणाला जमला नसता. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी धरून दोन्ही तिरप्या मापांत केसाएवढाही फरक राहिला नाही, तेव्हाच त्यांनी वेल्डिंग करू दिलं. आणि त्या आडव्या पुलाला ते पहिल्या दिवसापासून जू म्हणायला लागले. मी दुरुस्त केलं, "गॅन्ट्री म्हणतात चाचा त्याला." त्यांनी दोनदा गँट्री, गँट्री म्हणून पाहिलं आणि पुन्हा जू म्हणू लागले.

मग प्रश्न आला कंट्रोलरचा, म्हणजे मोटरींना हुकूम देणाऱ्या कार्डाचा. दोन कार्डं माझ्या नजरेत होती. एका रविवारी दोन्हींची चित्रं छापून नेली आणि रंधा मारायच्या बाकावर चाचांसमोर मांडली. पहिल्या कार्डात दोन्ही टोकांच्या मोटरी एकाच जागी जोडायच्या. कार्ड त्यांना एकच मोटर समजतं. मशीन सुरू केलं की पूल मागे सरकत जातो, एका कोपऱ्यातल्या स्विचला टेकतो, आणि तिथून मोजणी सुरू होते. दुसऱ्या कार्डात दोन्ही मोटरी वेगळ्या, दोन्ही बाजूंना आपापला स्विच, आणि प्रत्येक बाजू आपल्या स्विचला टेकेपर्यंत चालत राहते.

चाचांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुमी कधी बैलजोडी हाकली का?" मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तरी ते मला सर म्हणायचे.

मी नाही म्हणालो.

"जोडीतले दोन बैल सारखे कधीच नसते. एक अडला तं दुसऱ्याले थोपवा लागते, नाईतं जू तिरपं होते. म्हनून कासरे दोन. तुमी दोघाईले एकच कासरा लावून राहिले."

मी हसलो. चाचा, हे बैल नाहीत, म्हणालो. मोटर थकत नाही, सांगितली तितकी फिरते.

"अन् अडलीच तं?"

"अडत नाही."

आतून चाचीचा आवाज आला, "तुम अडते, बैल अडते, बस मोटर नहीं अडती. सर की मोटर है, पढ़ी-लिखी." चाचाही हसले. विषय तिथंच संपला आणि पहिलं कार्ड ठरलं.

आता खरं सांगतो. दुसरं कार्ड महाग आहे आणि आपल्याला त्याची गरज नाही, असं मी चाचांना सांगितलं होतं. महाग होतं, पण परवडण्याच्या बाहेर नव्हतं. खरं कारण असं की ते मला चालवता येत नव्हतं. त्याची माहितीपुस्तिका मी दोनदा उघडली होती आणि दोन्ही वेळा सातव्या-आठव्या पानावर अडकलो होतो. पहिलं कार्ड मी वर्गात शिकवत होतो, त्याची वायर नि वायर मला पाठ. चाचा, हे मला येत नाही, महिनाभर थांबा, शिकून घेतो, एवढं म्हणायचं होतं. ज्या माणसानं साठीच्या घरात मशीन शिकायला घेतलं, त्याच्यासमोर मला ते म्हणवलं नाही.

आणखी एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. या मोटरी मुक्या असतात. कार्ड हुकूम सोडतं, पण मोटर खरंच तितकी फिरली का, हे त्याला कळत नाही. मोटर अडली तरी कार्ड आपलं पुढे मोजत राहतं. परीक्षेत मी यावर प्रश्न काढत असे.

पहिले काही आठवडे मशीन छान चाललं. भिंतीतल्या देवळीवरच्या पट्ट्या, पलंगाची डोकी, एका दुकानाची पाटी. लोक बघायला यायचे. मी विद्यार्थ्यांची सहल नेली, सगळ्यांसमोर चाचांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. फोटोत चाचा मशीनकडे बघताहेत आणि मी कॅमेऱ्याकडे.

मग दर्यापूरचे एक वकील आले. नवं घर बांधत होते, पुढच्या दाराला सागाचे दोन पल्ले हवे होते. दोन्ही पल्ल्यांवर मिळून एक वेल, आणि तिच्या भोवती चौकटी. दार बंद केलं की डाव्या पल्ल्यावरच्या आडव्या रेषा उजव्यावरच्या रेषांना जाऊन मिळायच्या. एवढं मोठं काम चाचांकडे बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं. हे दार दर्यापुरात लागलं तर पाठोपाठ दहा दारं येतील, असं ते म्हणत होते. छपर चालू ठेवायचं की बंद करून हार्डवेअरवाल्याची तयार दारं बसवत हिंडायचं, हे त्या दोन पल्ल्यांवर ठरणार होतं. हे मला माहीत होतं.

डावा पल्ला शनिवारी कोरून झाला, सुरेख. उजवा रविवारी मी असताना लावला. चाचांनी तो मशीनवर ठेवून चारही कोपऱ्यांना गुण्या लावून पाहिला. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोनाचं साधन. काम बरोबर काटकोनात असलं की सुतार म्हणतात, गुण्यात आहे. चाचांचा गुण्या त्यांच्या वडिलांनी केलेला, शिसवीचा.

निम्मं काम झाल्यावर डावीकडून एक खरखर आली, जेमतेम दोन सेकंद. मोटर पूल ज्या दातेरी पट्ट्यानं ओढते, त्यात भुसा दाटला होता. मी ऐकली. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातानं चालू द्या म्हणून खूण केली.

दुपारी वकील आले तेव्हा आम्ही दोन्ही पल्ले शेजारी उभे केले. खालचा अर्धा भाग जुळला. वरच्या अर्ध्यात उजव्या पल्ल्यावरच्या आडव्या रेषा उतरत गेल्या होत्या, बोटभर तरी. वेल मध्यावर तुटली होती. वकिलांनी बोट त्या जागेवर ठेवलं.

मला तिथल्या तिथं कळलं. आडव्या रेषा तिरप्या होत्या, पण उभ्या रेषा सरळ होत्या. पल्ला वाकडा ठेवला असता तर दोन्ही तिरप्या झाल्या असत्या. उभ्या सरळ आणि आडव्याच तिरप्या, याचा अर्थ एकच. डावी मोटर अडली, उजवी चालत राहिली, पूल तिरका झाला आणि तसाच पुढे कोरत गेला. खरखर ऐकून मी थांबवलं असतं, आणि दोन स्विचचं कार्ड असतं, तर पूल सरळ करून पुढे कोरता आलं असतं.

वकिलांनी विचारलं, हे कसं काय झालं. विचारलं चाचांना, पण चाचांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, जो त्या छपरात एरवी वऱ्हाडी बोलायचो, एकदम पुस्तकी मराठीत सुरू झालो.

"मशीन सांगितलं तेवढंच करतं. पल्ला गुण्यात बसला नसावा."

नसावा म्हणालो. तेवढी पळवाट ठेवली.

चाचा पल्ल्याजवळ गेले. बराच वेळ उभ्या रेषेवरून अंगठा फिरवत राहिले. मग वकिलांना म्हणाले, "चूक माही असन. दुसरा करून देतो, हातानं." वकिलांना घाई होती, वास्तुशांतीची तारीख ठरलेली होती. त्यांनी तयार दार घेतलं. आणि दर्यापुरात सांगितलं की अकोल्याच्या त्या मिस्त्रीची नजर गेली आता. ते खोटं बोलले नाहीत. मी दिलेलंच त्यांनी पुढे नेलं.

पुढच्या रविवारी चाचा चष्मा लावून बसले होते. चाचीनं मला दारातच गाठून सांगितलं की डोळ्यांच्या दवाखान्यात दोनदा जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, वाचायला चष्मा लागेल, बाकी नजर ठीक आहे, तर त्यांच्याशीच भांडले. डॉक्टरला म्हणे, ठीक कशी, नीट पाहा. चाची सांगताना हसत होती. मला हसू आलं नाही, पण मी हसलो.

त्यानंतर चाचा रोज सकाळी गुण्याची परीक्षा घ्यायला लागले. फळीवर गुण्या धरून रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारायची. दोन्ही एकावर एक आल्या की गुण्या खरा. येत होत्या. तरी त्यांनी तो शिसवीचा गुण्या खुंटीवर टांगला आणि बाजारातून लोखंडी आणला. लोखंडी आणूनही एकेक खूण तीन-तीनदा तपासायचे. हात थांबायला लागला. पावसाळ्यात त्यांनी दारं घेणं बंद केलं. बाहेरून आलेली तयार दारं बसवायला जाऊ लागले, दुसऱ्याच्या दाराला बिजागऱ्या ठोकायला.

हे सगळं मी दर रविवारी पाहिलं. चहा पीत पाहिलं. मशीनवर पोतं टाकलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी दुसरं कार्ड मागवलं. सातव्या पानावरून पुढे गेलो. ते अवघड नव्हतं, नुसतं बसून वाचायचं होतं, आणि हे कळल्यावर आलेला संताप मला आजही बसू देत नाही. आठ दिवसांत मला ते चालवता आलं. एका माणसाचे सहा महिने मी त्या आठ दिवसांच्या आळसात घालवले होते. तरीही अकोल्याला जाऊन मी काय सांगितलं? की चाचा, नवीन चांगलं कार्ड निघालं आहे, बसवून बघू.

चाचा बिजागऱ्यांच्या कामावरून आले होते. मी दोन्ही बाजूंना स्विच बसवले आणि मशीन सुरू केलं. पूल मागे सरकत गेला. डावी बाजू टेकली आणि थांबली. उजवी अजून थोडी चालली, टक् झालं, मग तीही थांबली. पूल सरळ झाला.

चाचा जवळ आले. पुन्हा करा म्हणाले. मी पुन्हा केलं. त्यांनी मुद्दाम उजवी बाजू हातानं पुढे ओढून ठेवली आणि तिसऱ्यांदा करायला लावलं. पूल पुन्हा सरळ झाला.

"म्हन्जे पयले असं होत नव्हतं," ते म्हणाले. "एक अडलं अन् जू तिरपं झालं, तं थे तिरपंच राहत होतं."

मी हो म्हणालो.

"मंग थो पल्ला?"

मला आणखी एक खोटं सुचलं होतं, हेही लिहून ठेवतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की बोललो असतो तरी उपयोग नव्हता. मी म्हणालो, पल्ला गुण्यात होता.

"कवा कळलं तुमाले?"

"त्याच दिवशी. उभ्या रेषा सरळ होत्या."

चाचा बाकावर बसले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं, आणि ते बहुतेक त्यांना ठाऊक होतं.

"उभ्या रेषा मी बी पायल्या होत्या," ते म्हणाले. "मले सरळ दिसल्या. अन् तुमी म्हनून राहिले पल्ला तिरपा. तुमी शिकलेले. मंग मले वाटलं, आपल्याले तिरपं बी सरळच दिसून राहिलं. त्यासाठी गेलो मी डोळ्याच्या डाक्टरकडे."

चाची दारात येऊन उभी होती. ती चाचांना म्हणाली, "उठो. वकील के घर जाना है." चाचा उठलेच. मला म्हणाले, "ज्याच्यासमोर बोलले, त्याच्यासमोर बोला. आत्ता."

आम्ही काळी-पिवळी जीपनं दर्यापूरला गेलो. गाडी भरलेली होती, मी मागे टपाला डोकं आपटत बसलो, चाचा पुढे. दोन्ही बाजूंना कापूस फुटून उभा होता. वकिलांच्या दारात मी सांगितलं. सगळं सांगितलं, कार्ड, भुसा, रेषा, माझं खोटं. ते लुंगीवर होते, त्यांना पाहुणे आले होते. जाऊ द्या हो सर, म्हणाले, आता काय त्याचं, दार तर बसलं. मला आत बोलावलं, पाण्याचं विचारलं. चाचांना विचारलं नाही. चाचा पायरीवरूनच म्हणाले, "वकीलसाहेब, ऐकलं ना तुमी? पल्ला गुण्यात होता." वकील म्हणाले, हो हो, ऐकलं. "मंग लोकाईले सांगा आता. पयले बी तुमीच सांगतलं होतं."

परत येताना स्टँडवर मी माफी मागायला तोंड उघडलं. चाचांनी हात वर केला. मशीन राहू द्या, म्हणाले, थे मी बनवलं. फक्त त्याचं सगळं मराठीत लिहून पाठवा. इंग्रजी शब्द आला तं त्याचा मतलब लिहा. कोनतं बटन काहून दाबाचं थे बी लिहा. अन् मग म्हणाले, "रविवारी आईकडे या. आमच्याकडे येऊ नोका."

मी पुढचा दीड महिना लिहीत होतो. कितीतरी वाक्यं लिहिताना कळलं की हे मलाही नीट माहीत नाही, वर्गात नुसतं म्हणून जात होतो. वही एसटीच्या पार्सलनं पाठवली. उत्तर आलं नाही. आईकडे जायचो तेव्हा चार घरं पलीकडून मशीनचा आवाज यायचा, मी दार लोटून बसायचो. आई म्हणाली, चाचांना पुन्हा दारं यायला लागली. मी म्हणालो, चांगलं झालं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा वर्गात असताना फोन वाजला. नंबर चाचांचा. मी बाहेर येऊन घाईघाईनं सलाम केला. त्यांनी तो घेतला नाही.

"अकराव्या पानावर तुमी लिहिलं, पट्टा थोडा ढिला ठेवा. थोडा म्हन्जे किती?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "चाचा, मला माहीत नाही. मोजून सांगतो."

"मोजा," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.